शस्त्रक्रिया मोफत, बाकी सारे तिच्या माथी

सरकारी आरोग्ययोजनांच्या जाहिरातींत शस्त्रक्रियांचा आकडा नेहमी ठळक अक्षरांत छापलेला असतो. त्यात वावगे काही नाही. ज्या घरात पूर्वी जमीन गहाण टाकल्याखेरीज आईची मोठी शस्त्रक्रिया होत नसे, त्या घरात आता ती शिधापत्रिकेवर होऊ शकते, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु या ठळक आकड्याच्या आड एक मोठी लबाडी दडलेली आहे. शस्त्रक्रिया दोन-तीन तासांची असते. तिच्यापूर्वीचे काही आठवडे आणि तिच्यानंतरची पाच वर्षे यांचा हिशेब कोणत्याही जाहिरातीत नसतो. या लबाडीचे माप काढावयाचे तर गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाकडे पाहावे. हा रोग वेळीच सापडला तर बहुधा बरा होतो, आणि सापडल्यानंतर तो बरा होतो की नाही हे पुष्कळदा या न मोजलेल्या दिवसांतच ठरते.

प्रथम रोगाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे, कारण या बाबतीत सुशिक्षित कार्यकर्त्यांच्या मनातही गोंधळ असतो. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निराळा आणि गर्भाशयाच्या आतील अस्तराचा निराळा. पहिल्यासाठी तपासणी-मोहिमा निघतात, लस निघाली आहे. दुसऱ्यासाठी निरोगी स्त्रियांची सरसकट तपासणी करण्याची पद्धत नाही, आणि मुखाच्या तपासणीत तो सापडेल याची खात्री नाही. मात्र हा रोग स्वतःच वर्दी देतो. पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्त जाऊ लागणे, ही ती वर्दी. हा कर्करोग झालेल्या दहांपैकी नऊ स्त्रियांना ती मिळालेली असते. उलट, असे रक्त गेलेल्या प्रत्येक स्त्रीला कर्करोग असतोच असे नाही. साधारण दहांत एकीला तो निघतो. म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही, आणि थांबून राहण्याचेही नाही. सोनोग्राफी करावी, बारीक नळीने किंवा क्युरेटिंग करून अस्तराचा तुकडा काढावा, तो प्रयोगशाळेत पाठवावा. एवढ्यावर निदान होते. रोग गर्भाशयातच असताना सापडला तर पाच वर्षांनंतर सुमारे ९५ टक्के स्त्रिया जिवंत असतात, असे अमेरिकेतील नोंदी सांगतात.

मराठीत दुखणे 'अंगावर काढणे' असा एक शब्दप्रयोग आहे, आणि या रोगाइतका तो दुसऱ्या कशाला क्वचितच लागू पडत असेल. साठीच्या बाईला पुन्हा डाग दिसला, तर ती तो सुनेपासूनही लपवते. विटाळ संपला म्हणून देवघरात मोकळेपणी जाऊ लागलेली ही बाई. तिला हे पुन्हा सुरू झालेले रक्त रोगाआधी लाजेचे वाटते. 'आशा' कार्यकर्ती तिशीवरील माणसांसाठी जो तपासणी-अर्ज भरते, त्यात पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होतो काय, असा प्रश्न छापलेला आहे. म्हणजे शासनाला प्रश्न ठाऊक आहे. उत्तर 'होय' आले तर त्या बाईने कोठे जावे, तेथे तुकडा काढणारे कोणी आहे काय, आणि तो तपासून अहवाल किती दिवसांत येईल, हे मात्र अर्ज सांगत नाही.

निदान झाले, शस्त्रक्रिया ठरली, असे धरू. आता तयारी. सरकारी भाषेत तयारी म्हणजे कागद: आधारकार्ड, शिधापत्रिका, आरोग्यमित्राकडील नोंद, योजनेची पूर्वमंजुरी. वैद्यकीय भाषेत तयारी म्हणजे शरीर. महिनोन्‌महिने रक्त गेलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन खाली आलेले असते. ते गोळ्यांनी वर यावयास काही आठवडे लागतात. शिरेतून लोह दिले तर कमी दिवस लागतात, पण त्यासाठी ते औषध रुग्णालयात असावे लागते. या रोगाच्या रुग्णांत मधुमेह, रक्तदाब आणि स्थूलपणा यांचे प्रमाण मोठे असते. साखर आटोक्यात नसताना पोट उघडले तर जखम चिघळते. हृदयाचा आलेख, छातीची क्ष-किरण तपासणी, मूत्रपिंडाच्या तपासण्या, रोग कोठवर पसरला आहे हे पाहण्यासाठी एम. आर. आय. अथवा स्कॅन, आणि भूलतज्ज्ञाची भेट, या सर्वांच्या खिडक्या निराळ्या, रांगा निराळ्या, वारही निराळे. मशेरी किंवा तंबाखूची सवय असेल तर ती काही आठवडे आधी सुटली पाहिजे. श्वास आत ओढून नळीतील चेंडू वर चढवण्याचा व्यायाम घरीच सुरू करावयास हवा, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर छातीत कफ साचत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती केव्हा थांबवावयाची आणि साखरेचे औषध त्या सकाळी घ्यावयाचे की नाही, हे डॉक्टरने नीट समजावून सांगितले पाहिजे. उपाशी किती तास राहावयाचे हेही सांगितले पाहिजे. ते नीट न सांगितल्यामुळे आदल्या दुपारपासून पाण्याचा थेंब न घेतलेली मधुमेही बाई शस्त्रक्रियेच्या टेबलावर येते, किंवा पहाटे चहा-बटर खाऊन आल्यामुळे परत पाठवली जाते.

हे सारे खर्चिक विज्ञान नव्हे. नीटपणे सांगणे, वेळेवर करणे आणि पुन्हा बोलावणे, एवढेच ते आहे. पण तालुक्याच्या गावाहून येणाऱ्या शेतमजूर स्त्रीला प्रत्येक खिडकीसाठी एक दिवसाची मजुरी आणि सोबतच्या माणसाची दुसरी मजुरी मोजावी लागते. चार खेपा झाल्या की ती म्हणते, राहू दे. डॉक्टर केसपेपरवर 'रुग्ण परत आली नाही' असे लिहितात. वस्तुतः ती परत न येण्याची व्यवस्थाच तेथे उभी केलेली असते. केंद्राच्या २०१८ सालच्या आयुष्मान भारत योजनेने रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आपल्या खर्चात धरले आहेत. ३ दिवसांत कोणाचे हिमोग्लोबिन वर येते, हे योजना आखणाऱ्या अधिकाऱ्यांनाच विचारावयास हवे.

तयारीचा आणखी एक भाग आहे, तो संमतीचा. फॉर्मवर अंगठा कोणाचा असतो? बहुधा नवऱ्याची किंवा मुलाची सही घेतली जाते, आणि जिच्या शरीरातून गर्भाशय, दोन्ही बीजकोश आणि नलिका काढावयाच्या तिला 'गाठ काढायची आहे' एवढेच सांगितले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका खटल्यात या बाबतीत स्पष्ट निर्णय दिला आहे. रक्तस्रावाची तक्रार घेऊन आलेल्या एका ४४ वर्षांच्या स्त्रीने दुर्बिणीतून तपासणीस संमती दिली होती. ती भुलेत असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व बीजकोश काढण्यात आले. जिवावर बेतलेले नसताना सज्ञान व सक्षम स्त्रीच्या वतीने दुसऱ्या कोणाची संमती चालणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. हा निर्णय किती रुग्णालयांच्या भिंतींवर लावलेला आहे?

येथे बीडचा विषय टाळून पुढे जाणे हा अप्रामाणिकपणा होईल. ऊसतोड मजूर स्त्रियांची गर्भाशये सर्रास काढली जात असल्याचा बोभाटा झाल्यावर शासनाला समिती नेमावी लागली. तिच्या २०१९ च्या अहवालानुसार पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. त्यांत चाळिशीच्या आतल्या अनेक होत्या. अंगावरून पांढरे जाते, पोटात दुखते, एवढ्या तक्रारीवर 'पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल' अशी भीती घालण्यात आल्याचे त्यांच्यापैकी कितीजणींनी सांगितले आहे. मुकादमाची उचल अंगावर, जोडप्याचा मिळून एक कोयता, एक दिवस खाडा झाला तर दंड, फडावर न्हाणीघर नाही. अशा संसारात पाळी हीच अडचण होऊन बसते, आणि खासगी इस्पितळ त्या अडचणीचा बाजार मांडते. तरुण वयात बीजकोशही गेले तर हाडे ठिसूळ होतात, अकाली म्हातारपण येते, हे तिला कोणी सांगत नाही.

आता या चित्राची दुसरी बाजू पाहावी. ज्या भागात पंचविशी-तिशीतील निरोगी गर्भाशयावर कॅन्सरच्या नावाने सुरी चालते, त्याच भागात साठीच्या बाईला खरोखरीच कॅन्सरची वर्दी मिळाली असता तिचा तुकडा तपासावयास कोणी पाठवीत नाही. कॅन्सरची भीती जेथे पैसे मिळवून देते तेथे ती घातली जाते आणि जेथे केवळ जीव वाचवते तेथे तिची आठवण होत नाही. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ साली मार्गदर्शक सूचना काढल्या; त्या राज्यांनी तीन महिन्यांत अंमलात आणाव्यात असे सर्वोच्च न्यायालयाला २०२३ च्या एप्रिलमध्ये सांगावे लागले. या दोन्ही अन्यायांवर पहिला उतारा एकच आहे. गर्भाशय काढण्यापूर्वी त्याच्या अस्तराची योग्य ती तपासणी व्हावी, काढलेले प्रत्येक गर्भाशय प्रयोगशाळेत जावे, आणि तिचा अहवाल त्या स्त्रीच्या हाती पडावा.

खुद्द शस्त्रक्रियेविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. गर्भाशय, नलिका व बीजकोश काढणे, आवश्यक तेथे लसिकाग्रंथी तपासणे, असे तिचे स्वरूप असते. गर्भाशयापुरत्याच मर्यादित रोगात दुर्बिणीतून केलेली शस्त्रक्रिया पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेइतकीच परिणामकारक ठरते आणि रुग्ण लवकर हिंडू-फिरू लागते, हे मोठ्या चाचण्यांनी दाखवले आहे. महाराष्ट्रात या कामात वाकबगार असलेले शल्यचिकित्सक आहेत. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून उभे आहे, सोलापूर जिल्ह्यात बार्शीला कर्करोग रुग्णालय आहे, मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. उणीव त्यांच्या हातांत नाही.

उणीव डिस्चार्ज कार्ड हातात पडल्यावर सुरू होते. काढलेल्या अवयवांचा अहवाल त्या दिवशी आलेला नसतो. तो यावयास काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. आणि सगळा पुढचा उपचार त्या अहवालावर अवलंबून असतो. रोगाची प्रत कोणती, तो गर्भाशयाच्या भिंतीत अर्ध्याहून खोल शिरला आहे काय, रक्त-लसिकावाहिन्यांत गेला आहे काय, ग्रंथी स्वच्छ आहेत काय, हे त्यात असते. कोणाला पुढे काहीच करावे लागत नाही. कोणाला योनिमार्गातून किरणोपचाराच्या थोड्या बैठका पुरतात, कोणाला बाहेरून किरणे आणि केमोथेरपी दोन्ही द्यावी लागतात. ते सहसा शस्त्रक्रियेनंतर दोनेक महिन्यांच्या आत सुरू व्हावे लागतात. ज्या बाईने टाके काढून घेतले आणि 'आता बरी झाले' असे समजून अहवालासाठी ती परत गेलीच नाही, तिची शस्त्रक्रिया सरकारी आकड्यात यशस्वी म्हणूनच राहते. अनावश्यक उपचारापासून वाचलेली आणि आवश्यक उपचाराला मुकलेली, अशा दोघी त्या आकड्यात शेजारी शेजारी बसतात.

घरी आल्यावर सहा आठवडे जड उचलावयाचे नाही, असे कार्डावर लिहिलेले असते. पाण्याचा हंडा जड या सदरात येतो की नाही, हे लिहिणाऱ्याने ठरवलेले नसते. गावात नळ नाही, सून कारखान्याच्या फडावर आहे, नवरा पाणी भरणार नाही. मग आठव्या दिवशी हंडा डोक्यावर येतो. रोज थोडे चालावे, म्हणजे पायांत रक्ताची गुठळी होत नाही. धोका अधिक असलेल्या रुग्णांना त्यासाठी चार आठवडे पोटावर इंजेक्शने घ्यावी लागतात. ती देणार कोण, ठेवावयाची कोठे, आणि पंधरवडा उलटल्यावर त्यांचे पैसे कोणी द्यावयाचे? आयुष्मान भारतच्या नियमांत घरी गेल्यानंतरचे १५ दिवस मोजले जातात. राज्याच्या योजनेच्या पॅकेजात तर रुग्णालयापासून घरापर्यंतचे एका वेळचे एस. टी. भाडे धरलेले आहे. जाण्याचे भाडे आहे. पुन्हा येण्याचे नाही.

एका पायाला अचानक सूज आली, धाप लागली, ताप आला, योनिमार्गातून पुन्हा रक्त किंवा दुर्गंधी स्राव जाऊ लागला, तर ताबडतोब रुग्णालयात गेले पाहिजे. पाळी न गेलेल्या स्त्रीचे बीजकोश काढले गेले असतील तर अंगातून वाफा निघतात, झोप उडते, चिडचिड होते. घरातील माणसे तिला 'बाहेरचे झाले' म्हणून मोकळी होतात. किरणोपचारानंतर योनिमार्ग आकुंचन पावू नये यासाठी काही साधने व व्यायाम असतात. पतिपत्नी-संबंध काही आठवडे बंद ठेवावयाचे असतात. याविषयी बोलावयास रुग्णालयात कोणाला सवड नसते आणि गावात कोणाला धीर नसतो, म्हणून तिला गर्भाशय नसलेली बाई म्हणून टाकण्याची भाषा सुरू होते. ग्रंथी काढलेल्या असतील तर पाय कायमचे सुजू शकतात. दिवसभर चिखलात उभे राहून भात लावणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने तो रोजगाराचा प्रश्न असतो.

आणि मग पाच वर्षांचा पाठपुरावा. रोग उलटला तर बहुधा पहिल्या तीन वर्षांत उलटतो. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, त्यानंतर पाचव्या वर्षापर्यंत सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तपासणी करावयाची असते. या तपासणीला बहुधा महागडी यंत्रे लागत नाहीत. तक्रारी विचारणे, पोट तपासणे, योनिमार्ग उजेडात नीट पाहणे, एवढेच मुख्य काम असते. ते उपजिल्हा रुग्णालयातील शिकलेला डॉक्टर करू शकतो. आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. या रोगातून वाचलेल्या स्त्रियांत पुढे कर्करोगापेक्षा हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक असतात. म्हणजे पाठपुराव्याचा अर्धा भाग रक्तदाब आणि साखर हाच आहे, आणि त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रही पुरे. असे असता तिला दर वेळी परळला बोलावण्याचे कारण काय? परळच्या पदपथावर, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जे रुग्ण मुक्काम करतात, त्यांपैकी किती केवळ या तपासणीसाठी आलेले असतात, हे शासनाने एकदा मोजावे.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला असा की हा श्रीमंत स्त्रियांचा रोग आहे, कष्टकऱ्यांच्या पक्षाने त्यात शक्ती का घालावी? स्थूलपणा व मधुमेह यांमुळे या रोगाचा धोका वाढतो, श्रीमंत देशांत त्याचे प्रमाण अधिक आहे, हे खरेच आहे. परंतु आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीने भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचे दाखवले. एवढे लोक बंगल्यांत मावत नाहीत. शिवाय अमेरिकेत काळ्या स्त्रियांचा या रोगाने होणारा मृत्युदर गोऱ्या स्त्रियांच्या जवळजवळ दुप्पट आहे. त्यांच्यात काही आक्रमक प्रकार अधिक आढळतात हे एक कारण. निदानाला उशीर आणि अपुरे उपचार हे दुसरे. ज्या देशात यंत्रे व औषधे यांचा सुकाळ आहे तेथेही मरण वाटताना समाजरचना आपले काम करते, मग येथे काय होत असेल?

दुसरा आक्षेप पैशाचा. सरकारच्याच २०१७ च्या आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावरील सार्वजनिक खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के करण्याचे वचन दिले होते. २०२१-२२ मध्ये, म्हणजे महामारीच्या झटक्यानंतरही, तो १.८४ टक्के होता, आणि एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांच्या खिशातून जात होता. वचन पाळले असते तर परळच्या पदपथावरून काही माणसे उठली असती.

तिसरा आक्षेप उघड बोलून दाखवला जात नाही, पण बैठकांत जाणवतो: हा महिला आघाडीचा विषय आहे. संघटित क्षेत्रातील विमेदार कामगाराला कर्करोग झाला तर कामगार राज्य विमा योजनेत आजारपणाचे ९१ दिवस ७० टक्के आणि अटी पुऱ्या झाल्यास पुढे दोन वर्षांपर्यंत ८० टक्के वेतन मिळते. हा हक्क कामगार चळवळीच्या दबावाखाली आला. घरकामगार, शेतमजूर, ऊसतोड मजूर स्त्री या कक्षेच्या बाहेर आहे. तिच्या सहा आठवड्यांच्या विश्रांतीचा मोबदला हा रोजगाराच्या हक्काचा प्रश्न आहे, आणि जे युनियनमध्ये आयुष्य घालवतात त्यांना तो परका वाटावा, हे नवल आहे.

मागण्या म्हणूनच स्पष्ट हव्यात. पॅकेज निदानापासून सुरू व्हावे आणि पाचव्या वर्षाच्या शेवटच्या तपासणीवर संपावे. तपासणी उपजिल्हा रुग्णालयात व्हावी, तेथील डॉक्टरांना मोठ्या कर्करोग रुग्णालयांनी शिकवावे, आणि येण्याजाण्याचे भाडे दोघांचे मिळावे. असंघटित स्त्रीला बरे होण्याच्या काळाची मजुरी मिळावी. अहवाल आला पण रुग्ण आली नाही, तर तो घेऊन कोणीतरी तिच्या दारी जावे; क्षयरोग्याच्या घरी गोळ्या जाऊ शकतात, तर हा कागद का जाऊ नये?

तोवर कार्यकर्त्यांनी हातावर हात ठेवून बसू नये. रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रांच्या प्रती देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्या मागून घ्याव्यात आणि एका पिशवीत लावून ठेवाव्यात. रेल्वेत कर्करोग्याला आणि सोबतच्या माणसाला तपासणीच्या प्रवासासाठी सवलत आहे, तिचा दाखला रुग्णालयातून घ्यावा. संमतीच्या वेळी बाईसोबत तिच्या विश्वासाची एक स्त्री असावी. बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतील शाखांनी तर आणखी एक काम गळीत हंगामापूर्वी उरकले पाहिजे. गावोगाव ज्यांची कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आहे अशा स्त्रियांची डिस्चार्ज कार्डे पाहावीत आणि नोव्हेंबर ते एप्रिल या महिन्यांत कोणाची तपासणीची तारीख येते हे लिहून काढावे. त्या तारखांना त्या गावी नसतील, कुठल्या तरी कारखान्याच्या फडावर असतील. तो कारखाना कोणता, तेथून जवळचे रुग्णालय कोणते, आणि त्या दिवसाचा खाडा मुकादमाने लावू नये यासाठी त्याच्याशी कोणी बोलावयाचे, हे गाड्या निघण्यापूर्वी ठरवावे.